डावीकडचं वळण

दुसऱ्या खेपेलाही मोटारसायकल वळणात मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडं गेली.

आनंदराज पुढून गाडी वळवून परत आले आणि पुलाच्या कठड्यावर बसलेल्या महामायाजवळ थांबले.

"कुठं गेलती गाडी?" लेकीनं विचारलं.

"पट्ट्यापल्याड."

"महिन्याखाली बी तशीच गेलती. समोरून टेम्पो आला, तुम्ही वळणात ब्रेक मारला अन् पडलाव."

आनंदराजांनी डाव्या हाताची बाही कोपराखाली ओढून घेतली. खपली अजून पुरती निघाली नव्हती.

महामाया लातूरला पोलिसात होती. काल बसनं गावी आली आणि आल्या आल्या तिनं खुंटीवरची चावी काढून घेतली. हे वळण तीन वेळा नीट घेतलं, तर चावी परत. नाही तर गाडी ती सोबत लातूरला नेणार होती. घरी आनंदराज एकटेच. शेत चार किलोमीटर, कंधार नऊ. गाडी गेली की हा माणूस ओट्यावर बसून राहील, हे तिलाही कळत होतं.

"सांगितलेलं सगळं करताव ना? वळणाच्या आधी वेग कमी. वळणात ब्रेक न्हाई. नजर खाली न्हाई, बाहेर निघायचं तिकडं."

"हाव. सगळं करून राहिलो. गाडीच जाती तिकडं."

"अन् चालू करून उगं थांबताव कामून दर येळंला?"

"सवय," आनंदराज म्हणाले.

तिसऱ्या खेपेला तिनं मागून मोबाईलवर चित्रण केलं. गाडी पुन्हा पट्ट्यापलीकडं. ते परत आल्यावर तिनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला.

"बगा. वळण डावीकडं, अन् तुम्ही उजव्या अंगाला कललाव. सरळ रस्त्यावर बी तसेच. अन् एवढं टाकीला चिटकून कोण बसतंय? मागं सगळी सीट मोकळी हाय."

आनंदराजांनी डोळे बारीक करून पाहिलं. एक माणूस पाठमोरा जात होता. पुढं सरकून, उजवीकडं झुकून. त्याच्या मागं कोणी नव्हतं.

त्यांनी परत एकदा लावायला सांगितलं. मग मोबाईल तिच्याकडं सारला.

"तुझी आई डाव्या अंगाला बसायची," ते म्हणाले. "एका बाजूनं, लुगडं सावरत. वर मांडीवर बाजाराची पिशवी. मी उजवीकडं कललो न्हाई तर गाडी सरळ ऱ्हायची न्हाई."

"किती वर्षं?"

"अठ्ठावीस. ती जाईपत्तर."

महामाया उठली आणि त्यांच्या मागं एका बाजूनं बसली. दोन्ही पाय डावीकडच्या पायदाणीवर ठेवले. बूट तिथं नीट मावत नव्हते.

"चला."

गाडी वळणात शिरली आणि आपल्या बाजूनं, पट्ट्याला न शिवता, बाहेर निघाली. पुढच्या बाभळीखाली दोघं थांबले.

"बगितलंस?" आनंदराज म्हणाले. "मला येतंय वळण घ्यायला."

"आईला घेऊन येतंय."

ते हसले. "लई बोलायची मागं बसून. एकदा कंधारच्या स्टँडवर ती बसायच्या आधीच मी निघालो. पार बहादरपुऱ्याच्या पुलापत्तर एकटाच बोलत गेलो. म्हणलं, सरजाबाई आज गप कामून हाय?"

"हजारदा ऐकलंय, बाबा."

"माघारी फिरलो, तर अर्ध्या रस्त्यात भेटली. उन्हात चालत. पिशवी माझ्या डोक्यात घातली. त्या दिवसापासून 'बसले' म्हणायची. ती 'बसले' म्हणल्याबिगर मी गाडी हालवायची न्हाई."

महामाया खाली उतरली. बाभळीचा काटा बुटानं बाजूला सारत राहिली. तिला जे सांगायचं होतं ते तिनं वर न बघता सांगितलं.

"आता मी उतरले, बाबा. आई बी उतरली समजा."

आनंदराजांचे हात हँडलवर होते. रस्त्यावरून एक बस गेली. धूळ खाली बसली.

"उतरली," ते म्हणाले.

मग ते टाकीपासून मागं सरकले आणि सीटच्या मधोमध बसले. तिथं बसल्यावर हात लांब वाटत होते. खांदे सारखे केले. उजवा खांदा पुन्हा खाली जात होता. तो त्यांनी वर घेतला.

महामाया चालत परत कठड्यावर जाऊन बसली. पहिल्यांदा गाडी पट्ट्याच्या अगदी कडेनं, पण अलीकडूनच गेली. दुसऱ्यांदा एक हात आतून. तिसऱ्यांदा समोरून अर्धापूरचा केळ्यांनी भरलेला टेम्पो आला. कठड्यावरची महामाया उभी राहिली. आनंदराजांनी टेम्पोकडं पाहिलंच नाही. नजर वळणाच्या पलीकडं होती, पाठ सरळ. टेम्पो आपल्या बाजूनं गेला, ते आपल्या बाजूनं.

चौथी आणि पाचवी खेप त्यांनी स्वतःहून केली. दोन्ही नीट.

"चावी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," ते परत आल्यावर महामाया म्हणाली. "चला घरी. भूक लागली."

ती मागं बसली, दोन्हीकडं पाय टाकून. गाडी चालू होती, गिअर पडला होता. आनंदराज क्लच दाबून समोर रस्त्याकडं बघत थांबले होते.

'चला की,' असं तिच्या अगदी तोंडाशी आलं. तिनं ते गिळलं.

"बसले," ती म्हणाली.

आनंदराजांनी क्लच सोडला.