राजकन्येची चाल

“मावशी, पुन्हा एकदा जिना उतरता का?” कॅमेरा धरून उभ्या असलेल्या रेवतीने विचारलं.

“का? पोटभर हसून झालं नाही वाटतं?” डब्यांची पिशवी खाली ठेवत हौसाबाई म्हणाल्या.

स्टुडिओत एका परीकथेवर कार्टूनपट तयार होत होता. त्यातली राजकन्या चांगली जाडजूड होती, पण चित्रकारांना तिची चाल जमत नव्हती. ती फुग्यासारखी तरंगायची. म्हणून रोज जेवणाचे डबे आणणाऱ्या हौसाबाईंची चाल बघून राजकन्या काढायची, असं रेवतीने ठरवलं होतं.

“लहानपणापासून सगळे मला हत्तीण म्हणतात,” हौसाबाईंनी बजावलं. “थेटरात एक जरी माणूस हसलं, तर तुमचा डबा बंद!” आणि त्या तीनदा जिना उतरल्या.

पहिल्या खेळाला रेवती त्यांच्या शेजारीच बसली. पडद्यावर राजकन्या महालाच्या पायऱ्या उतरू लागली. ठाम पावलं, डोलणारी कंबर, एक हात कठड्यावर. हौसाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

कुणीच हसलं नाही. उलट पुढच्या रांगेतल्या दोन मुली उठल्या आणि खुर्च्यांमधल्या वाटेवर तशाच डोलत चालू लागल्या.

हौसाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांना राहवेना.

“अगं, अशी नाही गं! एवढी घाई कशाला? आधी टाच टेकव, मग अंग येऊ दे सावकाश,” असं म्हणत त्या उठल्या आणि भर थेटरात चालून दाखवू लागल्या.