गंभीर सशांचं वजन

डॉ. रीहामनं ससा काट्यावर ठेवला आणि आकडा बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. आठवड्यात दीडशे ग्रॅम वाढ!

यकृतात गाठ असलेल्या सशांना ती एकच औषध दोन वाटांनी देत होती. काहींना कानाच्या शिरेतून, काहींना थेट यकृताच्या धमनीतून. तिसऱ्या गटाला नुसतं मिठाचं पाणी. शिरेतून गेलेलं औषध सगळ्या अंगाला बाधतं, तेव्हा ते ससे रोडावायला हवेत, यावर तिचा अख्खा प्रबंध उभा होता. आणि इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या त्या प्राणिगृहात नेमके तेच लेकाचे बाळसं धरत होते.

"बसयूनीकाका, यांना जास्तीचं काय घालता?" तिनं सशांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं.

"मी? एखादं गाजर. काकडी फाटकावरचा पहारेकरी आणतो. झाडूवाली उम्म हानी कोवळा हिरवा चारा आणते, रोज."

"आणि ते फक्त याच पिंजऱ्यांना?"

"पाटी तुम्हीच लावलीत ना, डॉक्टरबाई? 'प्रकृती गंभीर.' आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं कोण जातं?"

रीहामनं कपाळावर हात मारला. शिरेतून औषध घेणारे हे ससे जास्त खंगणार, म्हणून लोकांनी त्यांच्यापासून लांब राहावं यासाठी पाटी लावली होती. पण आमच्याकडे असल्या पाटीनं माणूस लांब राहत नाही, पिशवी घेऊन येतो.

तिचे मार्गदर्शक, प्राध्यापक तहसीन, यांनी सगळं ऐकून घेतलं. "पहिल्यापासून कर."

"सर, चार महिने गेले माझे!"

"आणखी चार जातील. आणि लोकांना अडवत बसू नकोस, ऐकायचे नाहीत. सगळ्याच पिंजऱ्यांवर ती पाटी लाव. दया तरी सारखी वाटली जाईल."

नवे ससे आले. रीहाम रडकुंडीला येऊन पाट्या लावत सुटली. तिसऱ्या गटापाशी बसयूनीकाकांनी तिला अडवलं.

"यांना तर नुसतं पाणी टोचणार. यांच्यावर कशाला खोटं लिहिता?"

"खोटं नाही, काका. गाठ यांनाही आहे, औषध मात्र नाही. खरे गंभीर हेच."

जाळीतून बोट घालून काकांनी एका सशाचं कपाळ खाजवलं.

"मग यांना दोन गाजरं," ते म्हणाले.