क्वार्टरची जागा

मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये टेबलभर पसरलेली चंपतरावांची खेळण्यातली रेल्वे पुरी होत आली होती. स्टेशन, सिग्नल, फाटक, सगळं चिकटवून झालं होतं. राहिलं होतं फक्त सुटे भाग जोडून केलेलं क्वार्टर. इंजिन ड्रायव्हर असताना ते आणि बायको प्रयागबाई ज्यात राहायचे, अगदी तसंच. सकाळपासून ते क्वार्टर रुळाजवळ ठेवत, दोन बोटं मागे सरकवत, पुन्हा उचलत. फेविकॉल बोटांवरच वाळून जाई.

"काहून सरकवून राहिले जी?" प्रयागबाईंनी विचारलं.

"तुले शिट्टी ऐकू आली पाह्यजे नं."

तेव्हा क्वार्टरवरून गाडी नेताना ते शिट्टी देत, आणि ती ऐकून प्रयागबाई भात टाकत.

"मंग रुळापाशीच ठेवा."

चंपतरावांचा हात रुळापर्यंत गेला आणि मागे आला. "शिट्टी मयुराबी ऐकते वं. ऐकली का पळत सुटते रुळाकडे."

उघड्या दारातून पळालेली मयुरा गाडीखाली आली, त्या दिवसानंतर लेकीचं नाव घरात पहिल्यांदाच निघालं होतं.

प्रयागबाईंनी क्वार्टर हातात घेतलं. त्याचं इवलंसं दार बंद करून त्याला फेविकॉल लावलं आणि ते पक्कं बसेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरलं.

"घ्या. आता ठेवा कुठंबी."