आडवी रेघ

भिंतीतली भेग आता हात जाईल एवढी रुंद झाली होती. अग्निशमन दलाचा जवान तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत शिरला, तेव्हा म्हातारा पलंगावर बसून होता. दोन्ही हातांनी त्याने खिडकीचे गज घट्ट धरले होते.

"मास्तर, उठा. इमारत कलतेय."

खालच्या भाडेकरूंनी सांगितलंच होतं. वर गणिताचे मास्तर राहिलेत, आणि एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाहीत. जवानाने त्यांना ओढून पाहिलं. गज काही सुटले नाहीत.

"मला एक सांग," वर्गात विचारावं तसं मास्तरांनी विचारलं. "मला मागेपुढे कोणी नाही. माझी आठवण काढेल असं जगात एक माणूस नाही. आणि मला स्वतःला तर मी केव्हाच नकोसा झालोय. मग मी गेल्याने कोणाचं काय जातं? किंमत ठेवणाराच कोणी नसेल, तर किंमत उरते कुठे?"

जवानाच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. खालून साहेब ओरडत होते, "असशील तसा खाली ये! जिना टिकायचा नाही!"

अशा वेळी बेधडक खोटं बोलायचं, हे पंधरा वर्षांच्या नोकरीने त्याला शिकवलं होतं. तुमचा मुलगा खाली उभा आहे, नात रडतेय. माणसं चटकन उठत. पण या म्हाताऱ्यापुढे त्याची जीभ रेटेना. सकाळीच कार्यालयात त्याच्यापुढे नवा फॉर्म आला होता. 'अपघात झाल्यास कोणाला कळवावे?' तिथे त्याने आडवी रेघ मारली होती. कारकून म्हणाला, "अहो, निदान माझं तरी नाव टाका!" दोघेही हसले होते. पण ती रेघ दिवसभर त्याच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती.

मास्तरांचा प्रश्न त्याचाच होता. त्यांना तिथे टाकून त्याचा पाय निघत नव्हता. त्याने हेल्मेट काढलं आणि तो त्यांच्या शेजारी पलंगावर बसला.

"अरे, तू कशाला बसलास?" मास्तर दचकले. "जा बाबा. घरी बायको वाट बघत असेल."

"बायको नाही."

"आई?"

"कोणीच नाही, मास्तर."

"पण तुला तरी जगावंसं वाटतच असेल ना?"

जवानाने खरंच आठवून पाहिलं. "बऱ्याच दिवसांत तसं काही वाटलेलं नाही," तो म्हणाला.

छताचा एक मोठा पोपडा दोघांच्या पायांपाशी येऊन फुटला. मास्तरांनी गज सोडले. धुळीत पायाने चाचपून चपला शोधल्या. हेल्मेट उचलून त्याच्या डोक्यावर दाबून बसवलं, आणि वर्गातल्या द्वाड पोराला धरावं तसं त्याला बखोटीला धरलं.

"म्हणून काय झालं?" ते कडाडले. "ऊठ आधी!"