वाकडं झाकण

आमच्या मोठ्या पातेल्याचं झाकण वाकडं आहे. हिने मोर्च्यांत पळीने बडवून बडवून ते वाकवलं. ती पुढे वाजवत चालायची, मी मागून पाण्याचा कॅन घेऊन. ठोकून सरळ करून आणतो म्हटलं की म्हणायची, "राहू द्या. परत वाकवायला लागेल."

त्या मोर्च्यांनी सरकार पडलं. आमच्यातलाच एक जण शेतीमंत्री झाला. ही गेल्यावर महिन्याभराने तो घरी आला.

"दादा, वहिनींचं ते झाकण द्या. कचेरीच्या दारातच काचेच्या पेटीत ठेवतो. चळवळीची आठवण राहील."

"यंदा खरेदी केंद्रं कधी उघडताय? सगळ्यांचं धान्य खळ्यावर भिजतंय."

"बघू ना दादा. आज वहिनींबद्दल बोलू."

"बघू तर आधीचा मंत्रीही म्हणायचा."

तो हसला. मी नाही हसलो. म्हणालो, "सोमवारी मीच घेऊन येतो."

सोमवारी कचेरीच्या दारात पेटी पुसून ठेवली होती. फोटोवालाही होता. मंत्री हार घेऊन पायऱ्या उतरला.

"या दादा! आणलंत ना झाकण?"

"आणलंय. पळीही आणलीय."

मग त्याला माझ्यामागे फाटकापर्यंत उभं असलेलं गाव दिसलं. पाण्याचा कॅन जावयाच्या खांद्यावर होता. मी पहिल्यांदाच पुढे होतो. हिच्यासारखा ठेका मला जमला नाही, पण कचेरीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.