खोडलेले तीन तास

"मॅडम, हे तीन तास इन्चार्ज सिस्टरांनी खोडलेत," कस्तुरीने नोंदवही पुढे केली. "ते धरले नाहीत तर इंटर्नशिप अपुरी राहील. निकाल अडकेल माझा."

नर्सिंग कॉलेजातून तपासणीला आलेल्या वैजयंती मॅडमांनी ओळ वाचली. चौदा तारीख, कॉट नऊ. दुपारी दोन ते पाच आजींजवळ बसले.

वॉर्डातले हिरवे पडदे पंख्याच्या वाऱ्याने सावकाश फुगत होते, जणू त्यांच्यामागे कुणी गाढ झोपेत श्वास घेत होतं. चौदा तारखेला मॅडम दुसऱ्या गावच्या रुग्णालयात अशाच वह्या तपासत होत्या. कॉट नऊवर त्यांची आई होती. संध्याकाळी त्या पोचल्या तेव्हा कॉट रिकामी झाली होती.

"नुसतं बसणं म्हणजे काम नव्हे, असं सिस्टर म्हणतात," कस्तुरी सांगत होती. "पण आजी उठूच देईनात. मला वैजू, वैजू म्हणून हाका मारत होत्या."

"मग?"

"मी ओ दिली. खोटं वागले का, मॅडम?"

मॅडमांनी नाही म्हणून मान हलवली. खोडलेल्या ओळीशेजारी 'तीन तास ग्राह्य' असं लिहून त्यांनी सही केली. वही मात्र परत दिली नाही. पडदे फुगत होते, मिटत होते.

"तू ओ दिल्यावर," त्यांनी हळूच विचारलं, "आई काय म्हणाली गं?"

कस्तुरी चमकून त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हणाल्या, 'लांबून आलीस, दमली असशील. बस जरा.'"