छत्तीसशेची मेमरी

“एकवीसशे! बघ, डोळे फाडून बघ!” मिस्त्रीने पडदा लेकीकडे वळवला. “मेमरीच्या पाकिटावर छत्तीसशे, पावतीवर छत्तीसशे आणि इथे एकवीसशे. सलग तिसरी सकाळ आहे ही!”

लेक नुकतीच दुकानात शिरली होती. खांद्यावरची बॅगसुद्धा उतरली नव्हती. काउंटरपलीकडे नकाशे काढणाऱ्या बाई उभ्या होत्या. मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, त्यांचं. तिसऱ्यांदा हेलपाटा पडला होता आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

“बाबा, मी काल सहाला निघताना सेटिंग लावली होती. छत्तीसशे दाखवत होतं. बघायला तुम्हाला हाक मारली, तर तुम्ही न बघताच म्हणालात, कळतंय मला.”

“मग रात्री भूत येऊन काढून गेलं का?”

बाई हसल्या. लेकीचा चेहरा उतरला.

नवी मेमरी बसवली की ती आधी सावकाश, एकवीसशेच्या वेगानेच धावते. मशीनच्या सेटिंगमध्ये शिरून तिला पूर्ण वेग द्यावा लागतो. दोन मिनिटांचं काम. बाईंच्या जुन्या मशीनची धूळ काढणं, पंखा बदलणं, बोर्डावरचा बटणाएवढा सेल बदलणं हे मिस्त्रीने केलं होतं. मेमरी तेवढी लेकीकडे होती. सेटिंगचं काम त्यानेच तिला शिकवलं होतं, म्हणून तर त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता. चूक असती तर त्याने पोटात घातली असती. पण ही धडधडीत खोटं बोलत होती, तेही गिऱ्हाईकासमोर.

“हिला काम शिकवलं,” तो बाईंना म्हणाला, “लाज शिकवायची राहून गेली.”

लेकीने बॅग उतरवलीच नाही. टेबलावरचे आपले स्क्रूड्रायव्हर उचलले, एकेक पुसून बॅगेत टाकले.

“खोटारडी वाटत असेन तर मी इथे कशाला हवी? मोठ्या रस्त्यावरचं दुकान दोन वर्षं बोलावतंय मला. उद्यापासून तिकडे जाते.”

“जा! कोणाचं अडलंय?”

ती गेली. गेल्याच वर्षी त्याने दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावाखाली ‘आणि लेक’ असं रंगवून घेतलं होतं. त्याच पाटीखालून गेली आणि वळूनही बघितलं नाही.

मिस्त्रीने बाईंकडून एक दिवस मागून घेतला आणि मशीन उघडलं. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या, जागा अदलाबदल करून बसवल्या. मग स्वतःच्या हाताने सेटिंग लावली. छत्तीसशे! संध्याकाळपर्यंत त्याने दहा वेळा मशीन बंद करून सुरू केलं. दहाही वेळा छत्तीसशे. काम करणाऱ्याच्या हातात खरेपणा लागतो, असं तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला दुकानात कोणी नव्हतं.

आठ वाजता त्याने नेहमीसारखा मेन स्विच पाडला. पंचवीस वर्षांपूर्वी शेजारचं दुकान एका वायरीपायी जळलं होतं. तेव्हापासून दुकानात वीज सोडून तो कधी घरी गेला नव्हता.

सकाळी बाई यायच्या आत त्याने मशीन लावलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. रोज उमटायच्या. रोजच्यासारखं त्याने न वाचताच बटण दाबलं आणि पुढे गेला.

एकवीसशे.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. दुकानाची दुसरी किल्ली फक्त लेकीकडे होती. ती आपल्या सासरी, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. त्याने फोन लावला आणि ती ‘हॅलो’ म्हणायच्या आत ओरडला, “रात्री येऊन काढलीस ना सेटिंग? बापाचं नाक कापायला?”

त्याला वाटलं, आता ती फोन आपटणार.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर काही लिहून येतं का?”

“येतं. रोज येतं. त्याचं काय?”

“रोज? मी येते तेव्हा तुम्ही ते केव्हाच सुरू केलेलं असतं. मला कधी दिसलंच नाही.” ती म्हणाली, “एकदा वाचा ना ते.”

पुटपुटत त्याने मेन स्विच पाडला, पुन्हा लावला आणि मशीन सुरू केलं. दोन ओळी उमटल्या. या खेपेला त्याने चष्मा नाकावर ओढला आणि एकेक शब्द वाचला. बोर्डावरचा सेल संपलेला आहे. सेटिंग पुसली गेली आहे.

शिकाऊ माणसालाही माहीत असतं. वीज असेपर्यंत बोर्ड सगळं लक्षात ठेवतो. वीज गेली की ते काम त्या सेलचं. आणि हा सेल मिस्त्रीने स्वतःच्या डबीतून काढला होता, भंगार मशीनमधून जमवलेल्यांपैकी. जिभेला लावून बघितला होता. चव लागली, म्हणजे जिवंत आहे, नवा कशाला?

दारात बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोक्याच्या वर, दारावर, ‘आणि लेक’ लिहिलेली दुकानाची पाटी होती. फोन कानालाच होता. मशीन बिघडलंय एवढंच सांगितलं असतं तरी वेळ निभावून गेली असती.

“बाबा? काय लिहिलंय?”

बाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात मिस्त्री बोलला.

“भूत होतं गं. रोज आठ वाजता मेन स्विच पाडून घरी जायचं.”